एकाच शाईतल्या खुणा

जिल्ह्याच्या ठिकाणी, स्वमग्न (ऑटिझम असलेल्या) मुलांच्या थेरपीच्या खोलीबाहेरच्या बाकावर एक आई बसली होती. मांडीवर चार घड्या पडलेला कागद, त्यावर पंधरा दिवसांचे रकाने. तारीख, वेळ, आधी काय झालं, मुलाने काय केलं, नंतर तुम्ही काय केलं. तिचा नंबर यायला अजून दोघं होती. तेवढ्या वेळात तिने शेजारणीकडून पेन मागून घेतला आणि सगळे रकाने भरून टाकले. 'रडला', 'समजावलं'. 'रडला', 'समजावलं'. शेवटच्या रकान्यात रोजची एक बरोबरची खूण. पंधरा दिवस, एक शाई, एक बैठक. आत मॅडमनी कागद पाहिला, "छान, नियमित भरता ताई," म्हणाल्या आणि फाईलला लावला. मुलगा तोवर बाकाचा लोखंडी पाय नखाने वाजवत होता, कान अगदी जवळ नेऊन, एकाच लयीत.

त्या बाईला खोटी म्हणणं सोपं आहे. पण तो कागद खरा भरायचा तर काय काय लागतं ते बघायला हवं. मूल जमिनीवर डोकं आपटायला लागतं तेव्हा आईचे हात पिठाचे असतात, किंवा कडेवर धाकटं असतं. 'आधी काय झालं' हे लिहायला त्या आधीच्या मिनिटाला लक्ष मुलाकडे असावं लागतं. आणि सगळ्यात अवघड म्हणजे त्या वेळी ती घरात असावी लागते. कापूस वेचणीच्या दिवसांत विदर्भातल्या खेड्यातली बाई सकाळी डबा बांधून वावरात जाते ती दिवस कलल्यावर परतते. दिवसभर लेकरू आजीजवळ. जे घडलं ते आजीने पाहिलं, आणि आजीला लिहिता येत नाही. जिला लिहिता येतं तिने पाहिलं नाही. त्या रकान्यांत खरं उतरायला वाटच ठेवलेली नव्हती.

पालक प्रशिक्षण म्हणून बऱ्याच ठिकाणी जे चालतं ते असं: पाऊण तास मूल आत, आई कोपऱ्यातल्या स्टुलावर, आणि शेवटची पाच मिनिटं 'घरी हेच करा'. आता घरी 'हेच' म्हणजे काय? बुटकी खुर्ची, बुटकं टेबल, रंगीत ठोकळ्यांचा डबा, बंद दार आणि शांतता. एका आजीचं यावरचं बोलणं ऐकण्यासारखं होतं. "बाई, खुर्चीवर बसनं शिकवता थे ठीक हाय. पन आमच्या घरी खुर्ची पाहुन्यालेच काढतेत."

वर्तनाच्या शास्त्राला हे नवीन नाही. ट्रेव्हर स्टोक्स आणि डॉनल्ड बेअर या वर्तनशास्त्राच्या अभ्यासकांनी १९७७ साली तेव्हाचे प्रयोग चाळून पाहिले, तेव्हा नेहमीची तऱ्हा त्यांना हीच दिसली: इथे शिकवायचं आणि तिथे आपोआप होईल अशी आशा धरायची. त्याआधी १९७३ मध्ये स्वमग्न मुलांना याच शास्त्राच्या रीतीने शिकवणारे अमेरिकेतले मानसशास्त्रज्ञ इव्हार लोवास आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आपल्याकडे शिकून गेलेल्या मुलांचं पुढे काय झालं ते तपासलं होतं. ज्यांच्या आईवडिलांना शिकवून पाठवलं होतं ती मुलं पुढे जात राहिली. जी मुलं निवासी संस्थांमध्ये परत गेली त्यांनी मिळवलेलं गमावलं. म्हणजे पालकांना शिकवणं ही उपचाराची शेपटी नव्हे, हे पन्नास वर्षांपूर्वीच कळलेलं आहे. तरी खोलीबाहेरच्या बाकावर अजून तेच रकाने भरले जातात.

मग घरी शिकवायचं काय? सुरुवात मागण्यापासून करावी, असं ठामपणे म्हणता येतं. न बोलणाऱ्या मुलाला रंग, प्राणी, फळं ओळखायला लावण्यात लोकांची वर्षं जातात. ज्याला पाणी मागता येत नाही त्याला हत्ती ओळखता आला तरी त्याचा त्याला काय उपयोग? मागता येत नाही म्हणून तो रडतो, ओढतो, चावतो. १९८५ मध्ये एडवर्ड कार आणि मार्क ड्युरँड यांनी दाखवलं की ज्या गोष्टीसाठी मूल त्रासदायक वागतं, तीच गोष्ट मागायची सोपी रीत त्याला दिली की ते वागणं उतरतं. यात शिक्षेचा संबंध येत नाही. मुलाच्या हातात दुसरं हत्यार द्यायचं, एवढंच.

पाण्याचं उदाहरण घेऊ. ग्लासचं एक चित्र किंवा फोटो, तळहाताएवढा, पुठ्ठ्यावर चिकटवलेला, वरून रुंद सेलोटेप म्हणजे घामाने आणि लाळेने खराब होणार नाही. फोटो घरातल्याच ग्लासचा काढावा. इंटरनेटवरच्या काचेच्या ग्लासाचा आपल्या स्टीलच्या ग्लासाशी संबंध आहे, हे मुलाने का ओळखावं? सुरुवातीला दोन माणसं लागतात, आणि इथे खेड्यातलं घर शहरातल्या फ्लॅटपेक्षा श्रीमंत असतं. आजी समोर बसेल, मुलाच्या नजरेच्या उंचीवर, हातात पाणी दिसेल असं धरून. मोठी बहीण किंवा काकू मुलाच्या मागे. मुलाने पाण्याकडे हात नेला की मागच्या माणसाने तोच हात चित्रावर न्यायचा, उचलायला लावायचा, आजीच्या तळव्यावर ठेवायला लावायचा. चित्र हातात पडताक्षणी आजीने "पाणी" म्हणायचं आणि पाणी द्यायचं. लगेच. मध्ये कौतुकाचं भाषण नको. ग्लास पाव भरलेला असावा, म्हणजे एका तहानेत चार वेळा मागता येतं. बिस्किटाचे चार तुकडे करावे, पोंगे एकेक द्यावे. मागच्या माणसाने सगळा वेळ गप्प राहायचं आणि आपली मदत रोज थोडी कमी करत जायची: आधी हाताला हात, मग मनगट, मग कोपराला नुसता स्पर्श, मग काहीच नाही. मदत कमी केली नाही तर मूल मदतीचीच वाट बघायला शिकतं, आणि चार महिन्यांनीही मागे माणूस लागतोच.

दोन गोष्टी हमखास बिघडतात. पहिली म्हणजे "काय पाहिजे? बोल, काय पाहिजे?" हा प्रश्न. त्या प्रश्नाची सवय लागली की कोणी विचारल्याशिवाय मूल मागतच नाही. पाच आकडे मनात मोजून नुसतं बघत थांबायचं असतं, आणि आपल्याकडे पाच आकड्यांएवढं गप्प बसणं कोणाला जमत नाही. दुसरी गोष्ट "बोल, पा-णी बोल" म्हणून अडवून धरणं. मूल रडेपर्यंत ताणायचं आणि रडल्यावर पाणी द्यायचं. त्यातून पाणी कसं मागावं हे ते शिकतंच, फक्त रडून. जेवण किंवा पाणी अडवून शिकवायचं नाही, हे तर पहिल्याच दिवशी सांगायला हवं. जेवणाची वेळ झाली की जेवण मिळणार, चित्र दिलं काय आणि न दिलं काय. सराव करायचा तो मधल्या खाण्यावर, वरच्या घोटावर.

आजीची अडचण वेगळीच. "त्याले काय पाहिजे थे मले त्याच्या तोंडाकडं पाहूनच समजते." हे अगदी खरं असतं. मुलाने रांजणाकडे बघायच्या आत ग्लास पुढे आलेला असतो. या मायेत चूक काढायला जीव होत नाही, आणि काढूही नये. पण मूल मागायला शिकावं तर मागायला जागा हवी. त्यासाठी आजीला 'थांबा' सांगून भागत नाही, करून दाखवावं लागतं. शेंगदाण्यांची बरणी झाकण घट्ट लावून मुलाच्या समोर ठेवायची आणि आपण तांदूळ निवडत बसायचं. बरणी दिसते, उघडत नाही. मूल ती आणून आजीच्या मांडीवर ठेवतं. हेच मागणं झालं. आजीला हे एकदा दिसलं की पुढचे डाव ती स्वतः रचते, कारण नातवाला काय आवडतं याची सगळ्यात लांब यादी तिच्याकडे असते. ती यादी कोणत्याही केंद्रातल्या तपासणीत निघत नाही.

आता किराणा दुकान. ज्या घरी असं लेकरू आहे तिथे हा विषय निघतोच. दुकानात टांगलेली पाकिटं, मूल ओढतं, आई नाही म्हणते, मूल मातीत लोळतं. गल्ली जमा होते. कोणीतरी म्हणतं, "देऊन टाक ना माय, काऊन रडवतं लेकराले?" आणि पाच रुपयांचं पाकीट फाटतं. आई मुळात कच्ची नसते. दहातले सात वेळा ती ठाम राहिलेली असते, आणि नेमकं तेच जास्त महागात पडतं. मटका खेळणाऱ्याला रोज लागत नाही, कधीतरी लागतो, म्हणून तर नाद सुटत नाही. कधीतरी मिळणारं पाकीट लोळण्याची सवय रोज मिळणाऱ्या पाकिटापेक्षा पक्की करतं. शिवाय देणं बंद केल्यावर वागणं उतरण्याआधी काही दिवस चढू शकतं: रडणं लांबतं, आवाज वाढतो, एखादा हात चावतो. हे आधी सांगितलं नसेल तर आई तिसऱ्या दिवशी म्हणणारच की याने तर जास्तच बिघडलं, आणि नेमकी सगळ्यात मोठ्या रडण्याला पाकीट देणार. त्यामुळे ज्या घरात सगळ्यांनी थांबायची तयारी नाही तिथे 'दुर्लक्ष करा' हा सल्ला न दिलेला बरा. मूल स्वतःला इजा करत असेल तर तो सल्ला घरच्या घरी द्यायचाच नाही, जाणकाराने समोर बसून करायचं काम आहे ते.

दुकानासाठी त्याहून बरी रीत आहे, पण तिला आठवडाभर तयारी लागते. दुपारी दोन-अडीचला, दुकानात कोणी नसताना, काही घ्यायचं नसताना मुलाला घेऊन जायचं. ओट्यापाशी एक मिनिट उभं राहायचं आणि मूल शांत असतानाच परत फिरायचं. दुसऱ्या दिवशी दोन मिनिटं. मग पुठ्ठ्यावर दोन चित्रं शेजारी: डावीकडे चहापत्तीची पुडी, उजवीकडे पोंगे. 'आधी हे, मग हे.' पहिल्या दिवशी चहापत्ती हातात पडली की लगेच पोंगे, तिथेच. दुकानदारालाही शिकवावं लागतं. त्याला तीन वाक्यं पुरतात: मुलाने पैसे हातात दिले की पाकीट द्या, रडत असताना देऊ नका, आणि "काय रे, बोलत काऊन नाही" हे विचारू नका. खेड्यात दुकानदार आपला असतो, हे त्याला ओझं वाटत नाही. कधी कधी तो आईपेक्षा पक्का निघतो. आणि पोंगे आज घ्यायचेच नसतील तर दुकानात मुलाला न्यायचं नाही, याला हार मानायचं कारण नाही.

पण हा सगळा उपाय पाकिटासाठी रडणाऱ्या मुलाचा झाला. तेच लोळणं, तेच ओरडणं दुसऱ्या घरी दुसऱ्याच कारणाने असतं. कोणी काम टाळायला ओरडतं: आंघोळ, केस कापणं, अंगणवाडीतली रांग. कोणाला माणूस जवळ यायला हवा असतो. कोणाच्या अंगालाच त्या हालचालीने बरं वाटतं, समोर कोणी नसलं तरी चालू राहतं. आंघोळ टाळायला ओरडणाऱ्याला 'दुर्लक्ष' करून सोडून दिलं तर त्याला हवं तेच मिळालं. कारण न शोधता उपाय सांगणाऱ्याकडून उपाय घेऊ नये. आणि नीट वागणारं मूल अचानक डोकं आपटायला लागलं, रात्री उठून रडायला लागलं, तर रकाने बाजूला ठेवून आधी दवाखाना: दात, कान, आणि पोट किती दिवस साफ झालेलं नाही. बोलता न येणाऱ्या मुलाचं दुखणं वागण्यातूनच बाहेर पडतं.

हात धुण्याचं एक चित्रपत्रक सगळीकडे वाटलं जातं. नळ उघडा, हात ओले करा, साबण लावा, नळ बंद करा. ज्या घरात नळाला एक दिवसाआड पाणी येतं आणि न्हाणीत बादली आणि मग असतो, तिथे त्या पत्रकाचं मूल काय करणार? मगाने हात धुणं हे नळापेक्षा अवघड काम आहे, कारण एक हात मग धरण्यात अडकतो. म्हणून पायऱ्या घरच्या न्हाणीत उभं राहून, स्वतः करून बघत लिहाव्या लागतात. मग अर्धा भरणं, उजव्या हाताने डाव्यावर ओतणं, मग खाली ठेवणं, साबण उचलणं, दोन्ही हात चोळणं, साबण वाटीत ठेवणं, मग पुन्हा भरणं, डावा धुणं, मग हात बदलून उजवा धुणं, टॉवेल. आणि शिकवायचं शेवटाकडून. सगळं आपण करवून घ्यायचं आणि फक्त हात पुसणं मुलावर सोडायचं. ते जमलं की शेवटच्या दोन पायऱ्या, मग तीन. असं केल्याने प्रत्येक वेळी काम मुलाच्याच हातून पुरं होतं आणि पुरं झाल्याबरोबर ताटावर बसायला मिळतं. चड्डी घालणं असंच: गुडघ्यापर्यंत आपण, कंबरेपर्यंत त्याने ओढायची. नाडी नको, इलॅस्टिक असावं. एका वेळी एकच काम, आणि ते ज्या वेळी रोज होतं त्याच वेळी. 'सरावाचा तास' असा वेगळा काढला की तो दोन दिवस चालतो.

तासांचं खूळ कुठून आलं हेही सांगायला हवं. लोवास यांच्या १९८७ च्या प्रसिद्ध अभ्यासात मुलांना आठवड्याला ४० तासांच्या आसपास शिकवलं होतं. तो आकडा तेव्हापासून पालकांच्या मानगुटीवर आहे. पुढे २०२४ साली 'जामा पीडियाट्रिक्स' या वैद्यकीय नियतकालिकात अनेक अभ्यास एकत्र करून पाहणी प्रसिद्ध झाली, तिच्यात जास्त तास म्हणजे जास्त फायदा असा भरवशाचा संबंध दिसला नाही. रोजीवर जाणाऱ्या बाईला चाळीस तास सांगणं म्हणजे तिला अपराधी ठरवून परत पाठवणं. दिवसभरात आंघोळ, दोन जेवणं, कपडे, झोप आणि दुकान एवढे प्रसंग येतातच. त्यातल्या दोन प्रसंगांत पाच-पाच मिनिटं नीट झाली तर ती खूप झाली.

लोवास यांच्या कामाची दुसरी बाजूही पालकांना माहीत असलेली बरी. १९६० च्या दशकात त्यांनी मुलांना थप्पड मारली, विजेचे झटकेही दिले, आणि ते लपवून केलेलं नव्हतं. आज मोठे झालेले स्वमग्न लोक वर्तनावर आधारलेल्या या उपचारपद्धतीबद्दल रागाने बोलतात, तेव्हा त्या रागाला इतिहास आहे. डोळ्यांत बघायची सक्ती, हात हलवले की पकडून ठेवणं, 'नॉर्मल दिसण्या'साठीची दामटणी, हे सगळं सौम्य रूपात आजही चालतं. म्हणून काय बदलायचं याच्या आधी काय बदलायचं नाही, याची यादी घराला द्यायला हवी. हात फडफडवतो, फडफडवू द्या. चाकं फिरवतो, फिरवू द्या. विदर्भातल्या जुन्या घरांत ओसरीवर बंगई असते, आणि संध्याकाळी तासभर बंगईवर झुलणारं मूल कोणाचं काही बिघडवत नाही. त्याला ती गरज असते. पाहुण्यांसमोर लाज वाटते म्हणून बंगईची कडी काढून ठेवलेली घरं आहेत. लाज कोणाला वाटते आणि उपचार कोणावर होतो, हे तिथे उलटं झालेलं असतं.

भाषेचाही एक घोळ आहे. घरात गोरमाटी किंवा कोलामी, शेजारी वऱ्हाडी, केंद्रातल्या मॅडमची मराठी पुस्तकी, टीव्हीवर हिंदी. अशा घराला 'एकच भाषा बोला' हा सल्ला अजूनही मिळतो आणि आई घरातली भाषा सोडून तुटक मराठीत मुलाशी बोलायला लागते. दोन भाषांच्या घरात वाढल्याने स्वमग्न मुलाचं बोलणं आणखी मागे पडतं, असं संशोधनात दिसलेलं नाही. आई ज्या भाषेत रागावते, हसते आणि झोपवते तीच भाषा शिकवायला चांगली. चित्रामागे 'पाणी' लिहिलेलं असलं तरी आजी जो शब्द म्हणते तोच म्हणू द्यावा.

खेड्यातल्या कमी शिकलेल्या बायकांना हे जमेल का, असं अजून विचारलं जातं, आणि तेही विदर्भात. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' या संस्थेने गावातल्याच बायकांना नवजात बाळांची तपासणी आणि उपचार शिकवले, ३९ गावांत ते करून दाखवलं आणि १९९९ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकाने ते छापलं. श्वास मोजणं, वजन घेणं, नोंद ठेवणं, इंजेक्शन देणं हे ज्यांना जमलं त्यांच्या शेजारणींना पाच आकडे मोजून थांबणं जमणार नाही? स्वमग्नतेतही असे प्रयोग झाले आहेत. गोवा आणि रावळपिंडी इथे तज्ज्ञ नसलेल्या, प्रशिक्षण दिलेल्या आरोग्य कार्यकर्त्यांनी घरी जाऊन पालकांसोबत सहा महिन्यांत १२ बैठका घेतल्या. रीत साधी होती: आईमुलाच्या खेळाचा छोटा व्हिडिओ काढायचा, दोघांनी मिळून बघायचा, आणि ज्या क्षणी आई मुलाच्या कलाने गेली तो क्षण तिलाच शोधायला लावायचा. २०१६ मध्ये निकाल आले. पालकांचं प्रतिसाद देणं सुधारलं, मुलांनी आपणहून संवाद सुरू करणं वाढलं. दोघांनी एकाच गोष्टीत मिळून रमण्याचा वेळ मात्र कमी झालेला दिसला. हे दुसरं वाक्य सहसा गाळलं जातं. गाळू नये, कारण खेळाचं रूपांतर धड्यात झालं की काय होतं याची शंका त्यातून येते. जागतिक आरोग्य संघटनेचा दोन ते नऊ वर्षांच्या मुलांच्या पालकांसाठीचा कार्यक्रमही असाच, ९ गटबैठका आणि ३ गृहभेटींचा. आशाताईंच्या आधीच भरलेल्या पिशवीत हे कसं बसवायचं हा प्रश्न उरतोच. बाकी पिशवीचं वजन बघता, त्यांना विचारून मगच काय ते ठरवावं.

नोंदींचं काय, तर नोंदी लागतातच. मोजल्याशिवाय उतरतंय की चढतंय हे कळत नाही, आणि थकलेल्या घराला सगळेच दिवस सारखे वाटतात. पण मोजायला पेन कशाला हवा? चुलीजवळ दोन वाट्या, एकीत तुरीचे दाणे. मुलाने आपणहून चित्र दिलं की एक दाणा दुसऱ्या वाटीत. संध्याकाळी नात मोजून भिंतीवरच्या कॅलेंडरात आकडा लिहिते. एका वेळी एकच गोष्ट मोजायची, आणि शक्यतो चांगली, कारण दिवसभर डोकं आपटणं मोजणारी आजी दिवसभर डोकं आपटण्याकडेच बघते. महिन्याने ते कॅलेंडरच बसमधून घेऊन यायचं. त्यात एखाद्या दिवशी आकडा नसेल, तर नसेल. कॅलेंडरातला रिकामा चौकोन बाकावर बसून भरलेल्या पंधरा खुणांपेक्षा जास्त सांगतो: त्या दिवशी आजी तेराव्याला गेली होती, किंवा मुलाला ताप होता, किंवा घरात भांडण झालं होतं. मॅडमनी त्या रिकाम्या चौकोनाबद्दल न रागावता विचारलं तर पुढच्या महिन्यातही खरंच येईल. रागावल्या तर पुन्हा एकाच शाईत सगळं.

वडिलांबद्दल थोडंच. ते बहुतेक वेळा गेटबाहेर मोटारसायकलजवळ असतात. त्यांना आत बोलावून बोधवाक्यं ऐकवण्यापेक्षा मापाचं एक काम द्यावं: रविवारची कटिंग, किंवा दुपारचं ते रिकामं दुकान. कटिंगसाठी मशीन आधी आठवडाभर घरी नुसती चालू करून लांब ठेवायची, रोज हातभर जवळ. हे काम बापच करू शकतो, कारण सलूनवाला त्याचाच मित्र असतो.

कागदपत्रांचं मात्र टाळू नये. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या २१ प्रकारांत स्वमग्नता आहे, प्रमाणपत्रासाठी ४० मुद्द्यांची भारतीय मोजपट्टी वापरतात, आणि राष्ट्रीय न्यासाच्या 'निरामय' योजनेत वर्षाला १ लाखापर्यंतच्या विम्यात थेरपीचा खर्चही येतो. फक्त तो खर्च बिलावर मिळतो. आजी घरी जे करते त्याचं बिल कोणी फाडत नाही, आणि ती वावरात गेली असती तर तिला रोजी मिळाली असती, हे हिशेबात कुठेच धरलेलं नसतं.

घराला काम देताना कॅलेंडर शेतीचं धरावं. जूनमध्ये पेरणीच्या धांदलीत नवीन काहीच सुरू करू नये, जे चालू आहे तेवढं टिकवावं. निंदणाच्या दिवसांत पाऊस पडला की बाई घरी असते, त्या सुट्या आधी ठरवता येत नाहीत, पण फोनवर दोन मिनिटांचा व्हिडिओ पाठवायला त्या चांगल्या. सोयाबीनच्या सोंगणीपासून कापूस वेचून संपेपर्यंत दिवसाचं शिकवणं आजीचं, त्यामुळे त्या आधीच्या भेटीला आईसोबत आजीलाच बोलवावं, तिकिटाचे पैसे गेले तरी. शी-शूचं शिकवणं फेब्रुवारी-मार्चपर्यंत थांबवलेलं बरं: ऊन पडलेलं असतं, ओल्या चड्ड्या तासाभरात वाळतात, मूल उघडं फिरलं तरी सर्दी होत नाही, आणि आई घरी असण्याचे दिवस जास्त असतात. दर दीड तासाने बसवायचं, पाच मिनिटांच्या वर नाही, उठल्यावर आणि जेवल्यानंतर नक्की. दोन आठवडे हेच, बाकी सगळी कामं बंद. मेमध्ये लग्नांची धामधूम असते आणि घर गावोगाव फिरतं, तेव्हा पाण्याचं चित्र तेवढं आजीच्या पिशवीत टाकून द्यावं.